माथेरानचा वाटाड्या

माथेरानास जाणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न हवेचा येत नाही, की खोलीच्या भाड्याचाही येत नाही. दस्तुरी नाक्यावर मोटार सोडून तो खांद्यावरची पिशवी सावरतो न सावरतो, तोच घोड्याचा लगाम धरलेला कोणी तरी पुढे होतो आणि म्हणतो, "चला साहेब, सगळे पॉइंट दाखवतो." दस्तुरीच्या पुढे खाजगी मोटारीला मज्जाव आहे. तेव्हा उभ्या उभ्याच ठरवावे लागते की, या माणसाला बरोबर घ्यावयाचे, की आपले आपण हिंडावयाचे?

या बाबतीत आपल्या लोकांत सरळ दोन पंथ आहेत. एक म्हणतो, डोंगर तो केवढा, जागोजाग पाट्या लावलेल्या, आणि देवाने दोन पाय दिलेले; मग वाटाड्याला पैसे कशाला मोजा? दुसरा म्हणतो, चार तासांत बारा पॉइंट उरकावयाचे आहेत, वाटाड्या नसला तर निम्मे राहून जातील. पहिल्याला पैसा वाचवावयाचा असतो, दुसऱ्याला वेळ. पाहावयाचे काय आणि कोणाच्या डोळ्यांनी, हा मुद्दा मात्र दोघांच्याही हिशेबात बसत नाही.

मी या डोंगरावर एकटा गेलो आहे, बायकामुलांसह गेलो आहे, आणि शाळेच्या सहलीची पन्नास-साठ पोरे घेऊनही गेलो आहे. दर खेपेस हा प्रश्न नव्याने पुढे आला. मुलांना इतिहास शिकवणे हा माझा पेशा. म्हणून शेवटी हा प्रश्न मी इतिहासालाच विचारला. तेव्हा ध्यानात आले की, माथेरानचा इतिहास बव्हंशी वाट दाखवणाऱ्यांचा आणि वाट विचारणाऱ्यांचाच इतिहास आहे.

आरंभ १८५० सालापासून करू. ठाणे जिल्ह्याचा त्या वेळचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा त्या वर्षीच्या मे महिन्यात पायथ्याच्या चौक गावी मुक्कामाला होता. कोकणातला मे महिना काय असतो हे वाचकांना सांगावयास नको. समोर अडीच हजार फुटांचा हिरवागार डोंगर दिसत होता. साहेबाला वर जावेसे वाटले. तो गेला आणि वरची गर्द सावली पाहून मोहून गेला. पुढे त्याने तेथे घर बांधले. पाठोपाठ मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला, रस्ते आखले गेले, बंगले उभे राहिले. शाळेच्या पुस्तकापासून हॉटेलच्या कागदापर्यंत सर्वत्र एकच वाक्य छापलेले असते: मॅलेटने माथेरानचा शोध लावला.

या 'शोध' शब्दापाशी मी वर्गात थोडा वेळ थांबतो. साहेब वर गेला तो एकटा गेला नाही. पायथ्याच्या गावचा पाटील त्याच्याबरोबर वाट दाखवावयास होता. म्हणजे ज्याचा शोध लागला म्हणतात ते ठिकाण कोणाला तरी आधीच इतके माहीत होते की, तो दुसऱ्याला तेथवर घेऊन जाऊ शकत होता. वर धनगर गुरे चारीत, ठाकूर-कातकरी लाकूडफाटा आणि मध गोळा करीत. आज ज्याला शार्लट तळे म्हणतात त्याच्या काठी माथेरानचे ग्रामदैवत पिसारनाथ आहे. डोंगराच्या नावाची फोड कोणी 'माथ्यावरचे रान' अशी करतात, कोणी 'मातेचे रान' अशी. पण दोन्ही फोडी मराठीच आहेत. साहेबाने शोध लावण्यापूर्वी या रानाचे बारसे झालेले होते.

असे जगात पुष्कळ ठिकाणी झाले आहे. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदी बंदरातून वाटाड्या खलाशी घेऊन. गामाचे नाव जगभर झाले; त्या खलाशाचे नाव काय यावर पंडित अजून भांडत आहेत. आमच्या चौकच्या डोंगरावरच्या पाटलाच्या वाट्याला तेवढे भांडणही आले नाही. तो नुसता 'पाटील' राहिला.

आता माथेरानच्या नकाशावरची नावे पाहा: लुइझा, अलेक्झांडर, शार्लट, सीलिया, किंग जॉर्ज, पॅनोरमा, पॉर्क्युपाइन. तीसांहून अधिक पॉइंट, आणि त्यांतले बरेचसे साहेबाने, साहेबाच्या आप्तेष्टांनी किंवा साहेबाच्या राजाने व्यापलेले. चौक, रामबाग अशी काही देशी नावे मध्ये मध्ये तग धरून आहेत. पॉइंट दाखवणारा आजचा वाटाड्या ही यादी घडाघडा म्हणतो. तो बिचारा काय करणार? गिऱ्हाइकाला यादीच हवी असते. पण गंमत अशी की, ज्या माणसाच्या पूर्वजांनी साहेबाला वाट दाखवली असेल, तोच आज साहेबाने ठेवलेली नावे आपल्याला दाखवून पोट भरतो. आणि यादी संपली की दोघांनाही वाटते, माथेरान पाहून झाले.

मग वाटाड्या नकोच, असे कोणी म्हणेल. त्याने चौक पॉइंटवर जाऊन दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. खाली दिसतो तो खालापूरचा मुलूख. याच तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत, चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी तेथे जे घडले ते वाट माहीत असण्याचे मोल काय असते याचा वस्तुपाठच आहे. शायिस्ताखान त्या वेळी पुण्यास तळ देऊन होता. त्याने कारतलबखान नावाच्या उझबेक सरदाराला कोकणात उतरण्यास सांगितले. माहूरची रायबागन, म्हणजे सावित्रीबाई देशमुख, ही शूर बाई त्याच्याबरोबर होती. लोणावळ्याच्या बाजूने कुरवंडे घाटाने फौज खाली उतरली आणि अंबा नदीच्या खोऱ्यातल्या दाट झाडीच्या अरुंद वाटेला लागली. त्या झाडीत महाराजांचे मावळे आधीच येऊन बसले होते. फौज पुरती आत आली, तेव्हा पुढची वाट बंद झाली आणि मागचीही बंद झाली. प्यावयास पाणी नाही, हालावयास जागा नाही. अखेर रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. आणि खंडणी देऊन, सामानसुमान तेथेच टाकून खान जीव घेऊन परत गेला. खानापाशी शस्त्रे होती, पैसा होता, माणसे होती. नव्हती ती एकच गोष्ट: पायाखालची भूमी त्याला ओळखत नव्हती. एका बाजूला मोठी फौज, दुसऱ्या बाजूला वाटांची माहिती. जिंकली ती माहिती.

तेव्हा वाट जाणणारा माणूस ही सोय नसून एक शक्ती आहे. ती कोणाच्या बाजूला उभी राहते यावर पुष्कळ गोष्टी ठरतात. माथेरानच्याच एका सुपुत्राच्या चरित्रात याची दुसरी बाजू दिसते.

माथेरानच्या बाजारपेठेतून जाताना हुतात्मा भाई कोतवालांचे स्मारक लागते. घोड्यावरून जाणारा ते उंचावरून पाहतो, पायी जाणारा चिक्कीच्या दुकानांकडे बघत पुढे निघून जातो. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी याच गावी एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. ज्या गावात साहेबलोक आणि मुंबईचे शेठ हवा खावयास येत, त्या गावात राहून हा मुलगा शिकला, वकील झाला, नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. पायथ्याचे शेतकरी सावकाराच्या पेचात सापडतात म्हणून त्याने धान्याची पेढी काढली, आसपासच्या वाड्यांतून शाळा सुरू केल्या. मग १९४२ साल आले. कोतवाल भूमिगत झाले आणि त्यांनी 'आझाद दस्ता' उभा केला. मुंबईच्या गिरण्यांना आणि कारखान्यांना वीज नेणारे तारांचे मनोरे या दस्त्याने एकामागून एक पाडले. कर्जत-मुरबाडच्या रानात हे तरुण कित्येक आठवडे वावरले ते कोणाच्या भरवशावर? रात्री कोणता नाला ओलांडावा, कोणत्या वाडीत भाकरी मिळेल, कोणत्या वाटेवर पोलिस बसले आहेत, हे नकाशात लिहिलेले नसते. ते सांगणारी माणसे ठाकूर-आगरी-कुणब्यांच्या घरांतली होती. त्यांनी वाट दाखवण्याची मजुरी घेतली नाही. उलट पकडले गेल्यास काय होईल हे जाणून ती दाखवली.

अखेर दस्त्याचा ठावठिकाणा पोलिसांना लागला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात हॉल नावाच्या अधिकाऱ्याच्या तुकडीने त्यांना घेरले. तेथे हिराजी पाटील आणि भाई कोतवाल गोळ्यांना बळी पडले. भाईंनी जेमतेम तिसावे वर्ष ओलांडले होते. वाट दाखवणाऱ्यांवर एका चळवळीचे प्राण कसे अवलंबून असतात, ते मुलांना सांगावयास याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. 'सगळे पॉइंट दाखवतो' म्हणणाऱ्या यादीत हे स्मारक बहुधा नसते, कारण तेथून दरी दिसत नाही.

आता वर्तमानाकडे येतो. २०२४ च्या हिवाळ्यात आम्ही सहल घेऊन गेलो होतो. मुले पुष्कळ आणि कडे उघडे, म्हणून मी एक तरुण वाटाड्या बरोबर घेतला. पोरगा मोठा लाघवी होता. लुइझा पॉइंटवर त्याने समोर हात करून सांगितले, "हा समोरचा प्रबळगड, आणि डावीकडे तो सुळका दिसतो ना, तो विशाळगड. पन्हाळ्यावरून महाराज तिकडेच आले." आदल्याच आठवड्यात मी वर्गात बाजीप्रभू शिकवला होता. सातवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, विशाळगड तर कोल्हापूरकडे ना?" वाटाड्या गोंधळला. त्याने तसे ऐकले होते, तसे तो सांगत होता. आणि ही चूक त्याच्या एकट्याची नाही. कित्येक छापील माहितीपत्रकांतही मी हेच वाचले आहे.

आम्हाला सोडवले ते तेथे टोपलीत बोरे आणि आवळे घेऊन बसलेल्या एका ठाकूर म्हातारीने. ती म्हणाली, "इशाळ कुठला रं बाबा, तो इर्शाळ हाय. आमच्या सोयऱ्यांची वाडी व्हती त्याच्या पोटाला."

'व्हती' हा शब्द ऐकून मुले तिच्याकडे वळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरड कोसळून गाडली गेली, हे त्यांनी तेव्हा बातम्यांत ऐकले होते. २७ जणांचे मृतदेह मिळाले. ५७ जण सापडलेच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. इर्शाळच्या नेढ्याकडे जाणाऱ्या गिर्यारोहकांची वाट याच वाडीतून जाई. तेथल्या पोरांनी कित्येक शहरी पाहुण्यांना वर नेले असेल, घरच्या बायकांनी त्यांना भाकरी करून घातली असेल. म्हातारीने मोठे भाषण केले नाही. कोणाचे कोण गेले ते दोन-तीन वाक्यांत सांगितले आणि एका मुलाच्या हातावर चार बोरे ठेवली. समोरचा सुळका तोच होता. पण आता तो नुसता देखावा राहिला नाही. आमचा तरुण वाटाड्याही मुलांबरोबर खाली बसून ऐकत होता. पुढच्या पॉइंटवर दुसऱ्या मंडळींना तो 'इर्शाळगड' असे स्पष्ट सांगताना मी स्वतः ऐकले.

त्या दिवसापासून माझ्या मते प्रश्नाचे रूपच बदलले. वाटाड्या घ्यावा की न घ्यावा, यापेक्षा कोणाला काय विचारावे, हा खरा प्रश्न आहे. पॉइंट विचारलेत तर पॉइंट मिळतील. 'तुम्ही रोज कोणत्या वाटेने वर येता?' असे विचारलेत तर निराळेच माथेरान दिसू लागते. पायथ्याच्या धोदाणीसारख्या गावांतून डोक्यावर भाजी, दूध, लाकडे घेऊन माणसे कडा चढून वर येतात. नेरळहून वर येणारी दोन फुटी रुळांची छोटी गाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या पैशाने बांधली, तिला १६ लाख रुपये लागले आणि ती १९०७ साली सुरू झाली, एवढे पाटीवर वाचावयास मिळते. पण २००५ च्या जुलैत पावसाने ती वाहून गेली, २०१९ मध्ये पुन्हा रूळ उखडले आणि २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत नेरळची गाडी वर आलीच नाही, त्या काळात गावाने दिवस कसे काढले हे विचारावयाचे तर ज्याने ते काढले त्यालाच विचारले पाहिजे.

एकट्याने हिंडण्याचा आनंद मी नाकारीत नाही. तांबड्या मातीच्या वाटेवर सकाळी सहाला निघावे, धुके झाडांतून खाली उतरत असावे, कोणी काही सांगत नसावे. असा एक तास सर्व माहितीपेक्षा मोलाचा असतो. वाटाड्याच्या घाईत तो मिळत नाही. पण त्यालाही मर्यादा आहे. पावसाळ्यात येथला जांभा दगड शेवाळतो, धुक्यात दोन हातांवरचा कडा दिसत नाही. अशा दिवसांत 'आम्हाला सगळे ठाऊक आहे' म्हणणाऱ्याने कारतलबखानाची आठवण ठेवावी हे बरे.

आणखी एक गोष्ट. माथेरानात पिढ्यान्‌पिढ्या माणसे माणसांना हातरिक्षात बसवून ओढीत आली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, आणि तो योग्यच झाला; माणसाने माणसाला ओढावे हे स्वतंत्र देशाला शोभणारे नव्हते. त्यांच्या हाती विजेवरच्या रिक्षा द्याव्यात असेही न्यायालयाने सुचवले. मला त्यात एवढेच जोडावेसे वाटते की, या माणसांच्या पाठीवरचे ओझे उतरले तरी त्यांच्या डोक्यातली माहिती वाया जाऊ नये. वीस-तीस वर्षे या वाटा पायांनी मोजलेल्या माणसाइतका चांगला वाटाड्या कोठे मिळेल? त्याला थोडे वाचावयास द्या, भाई कोतवालांचे चरित्र सांगा, इर्शाळ आणि विशाळ यांतला फरक सांगा. बाकीचे तोच आपल्याला शिकवील.

आता दिवाळीच्या सुट्टीत वाचकांपैकी पुष्कळ मंडळी मुलाबाळांसह माथेरानास जातील. विचारलेत म्हणून सांगतो, नाही विचारलेत तरी मास्तर सांगतोच. निघण्यापूर्वी घरी बसून मुलांबरोबर चार पाने वाचावी. पहिली सकाळ आपली आपण हिंडावे; पाय आणि डोळे यांना त्या रानाची सवय होऊ द्यावी. मग एक वाटाड्या घ्यावा. पैसे आधी ठरवावे आणि ठरल्यावर घासाघीस करू नये. पॉइंटांची संख्या मोजण्याऐवजी तो कोणत्या वाडीचा, ती कोठून दिसते, ते दाखवावयास सांगावे. त्याचे सांगणे ऐकावे, पण पारखूनही घ्यावे. सातवीतल्या त्या मुलीसारखे नम्रपणे शंका विचारावयास मुलांना शिकवावे. आणि निघताना त्याचे नाव विचारून मुलांना ते वहीत लिहून ठेवावयास सांगावे.

सहलीनंतर माझ्या मुलांनी जे निबंध लिहिले, त्यांत मॅलेटचे नाव सर्वांनी लिहिले होते, कारण ते पाटीवर आहे. पण लुइझा पॉइंटवरच्या म्हातारीचे आणि त्या तरुण वाटाड्याचे नावही बाराजणांनी लिहिले होते. त्या बारा वह्यांना मी एकेक गुण अधिक दिला. १८५० सालच्या पाटलाबरोबर वही घेतलेले एखादे पोर असते, तर आज माथेरानच्या एका तरी पॉइंटाला त्याचे नाव देता आले असते.